लंगोटाच्या कोपऱ्यातला दोरा

रविवारी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या, तेवढ्या वेळात मी माझ्या लेकीच्या चोवीस लंगोटांवर खुणा घातल्या. बारा-बाराचे दोन गठ्ठे. पहिल्या लंगोटाच्या कोपऱ्यात, दुमडीच्या आतल्या बाजूला, लाल दोऱ्याचा एक टाका. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन. असे बारापर्यंत. भरतकामाचा सुती दोरा, सगळ्यात बारीक सुई. टाके इतके लहान की बघणाऱ्याला शिवणच वाटावी. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दिसू नये असा टाका घालणं हाच माझा धंदा.

बेत असा होता. सकाळी निघताना मी एक टाक्याचा लंगोट बांधायचा आणि बाकीचे ओळीने खणात ठेवायचे. सासूबाई वरून एकेक घेत जाणार. संध्याकाळी आल्यावर लेकीच्या अंगावरच्या लंगोटाचा कोपरा नुसता चाचपायचा. आठ-नऊ टाके बोटाला लागले, तर आजी दिवसभर वेळेवर बदलतेय. तीन-चारच लागले, तर...

तर काय, ते मनातल्या मनातसुद्धा मी पूर्ण करत नव्हते. पण दिरांना फोन मात्र करून मोकळी झाले होते. "पुढच्या रविवारी आईंना घेऊन जा. त्यांना झेपत नाहीये." हे मी सासूबाईंना न विचारता, नवऱ्याला न सांगता, न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून बोलले.

आमच्या लेकीला सगळे बटण म्हणतात. जन्मली तेव्हा नाक एवढंसं होतं म्हणून मीच ठेवलेलं नाव. सात महिन्यांची बटण. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत लंगोट बदलताना पाय आपटत हसायची. आता मी नुसता कोमट पाण्याचा तांब्या उचलला तरी तिचा खालचा ओठ बाहेर यायचा. मग आवाज न होता तोंड उघडायचं, चेहरा लाल व्हायचा आणि कितीतरी वेळाने ती किंकाळी यायची. पाणी लागण्याच्या आधीच. सात महिन्यांचं लेकरू पाण्याला घाबरायला शिकलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वीचा तो सोमवार मला नीट आठवतो. माझी सुट्टी संपली आणि मी दुकानात परत रुजू झाले. सासूबाई बटणला सांभाळायला आमच्याकडे आल्या. गुरुवारी मांड्यांवर लाली दिसली. शनिवारी ती ढुंगणावर आणि बेंबीखाली पसरली. मी घरात असताना सहा महिने काही नव्हतं, मी बाहेर पडले आणि चार दिवसांत हे. हिशोब इतका सोपा होता की मी तो परत तपासलाच नाही.

खरं सांगायचं तर सासूबाईंइतकं वेळेचं माणूस मी पाहिलेलं नाही. तीस वर्षं त्यांनी एका शाळेत शिपाई म्हणून काम केलं, घंटा देण्याचं काम त्यांच्याकडे. निवृत्त झाल्या तरी घंटा डोक्यातून गेली नाही. आमच्या घरीही त्यांचे तास चालू. "पहिला तास झाला, चला बटणबाई, कपडे बदला." "मधली सुट्टी, दूध प्या." मी सुट्टीवर असताना आल्या होत्या तेव्हा मला याचं हसू यायचं. आता मला त्यांचं दुपारचं डुलकणं तेवढं दिसायचं. खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली. वय झालं, मी म्हणायचे. झोप लागते आणि पोरगी ओल्यात पडून राहते.

खुणा घालायच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. लहान मुलांच्या डॉक्टर, बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण हात इतके हलके की बटण रडायचीच विसरली. त्यांनी पाय उचलून पाहिलं, मग जांघेतली घडी दोन बोटांनी उघडली.

"घड्यांमध्ये काही नाही. बघा, आत कातडी स्वच्छ आहे. जिथे कापड टेकतं तिथेच आहे. बुरशी असती तर घडीत शिरली असती, बाजूला बारीक बारीक पुळ्या दिसल्या असत्या. घासताय कशाने?"

"ओल्या वाइप्सनी."

"वासाच्या?"

"हो."

"बंद. साधं कोमट पाणी आणि मऊ कापूस. पुसायचं नाही, टिपायचं. पावडर?"

"थोडी."

"तीही बंद. ही पांढरी क्रीम देते, झिंकची. कंजूषपणा करायचा नाही, भिंतीला गिलावा करतात तशी जाड लावा. दर वेळी खरवडून काढायची गरज नाही, घाण तेवढी काढा आणि वरून परत लावा. दिवसातून चार-पाच वेळा तिला उघडी ठेवा, हवा लागू द्या. ओलं अंगाला राहता कामा नये. लंगोट कोण धुतं?"

"घरचेच," मी म्हणाले. माझं लक्ष मागच्या वाक्यावर अडकलं होतं. ओलं अंगाला राहता कामा नये.

"साबण सौम्य ठेवा, भरपूर पाण्यात खंगाळा," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "आणि शेजारीपाजारी कुणी खाजेची ट्यूब दिली तर आणून मला दाखवा, तिला लावू नका. कातडी फुटली, रक्त आलं, पाण्याचे फोड आले, ताप आला, तर थांबायचं नाही, सरळ या. नाहीतर आठवड्याने."

ट्यूब माझ्या पर्समध्येच होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने आदल्या दिवशी दिलेली. "ताई, लावा बिनधास्त, दोन दिवसांत साफ. माझ्या मेव्हण्याचा गजकर्ण गेला हिच्याने." मी ती दाखवली नाही. लावलीही नाही. पर्सच्या तळाशी ती पडून राहिली आणि किल्ल्या काढताना रोज हाताला लागायची.

सोमवारी संध्याकाळी धापा टाकत घरी आले. चप्पल काढायच्या आधी बटणला उचललं आणि कोपरा चाचपला. एक, दोन, तीन... आठ. आठ टाके.

"काय गं, वजन करतेस की काय तिचं?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही, ओली आहे का बघते."

"आत्ताच शेवटचा तास झाला. कोरडी ठक्क आहे."

मंगळवारी नऊ टाके. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण लंगोट सोडला तेव्हा लाली आणखी गडद झालेली होती. चकाकणारी, ताणलेली, बघवत नव्हती. मग मी रात्रीच्या विकतच्या डायपरवर दोष टाकला. म्हटलं, प्लास्टिक आहे, हवा लागत नाही. ते बंद केले आणि रात्रीही सुती लंगोटच बांधायला लागले. बुधवारी सकाळी उघडून बघितलं तर जास्तच. नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला आणि माझ्यामागे उभा राहिला.

"कमी आहे ना गं कालच्यापेक्षा?"

"तुला कमी दिसतंय?"

त्याने तोंड पुसलं. कोपऱ्यातलं कालच्या लंगोटांचं गाठोडं उचलून पिशवीत भरलं आणि कामाला गेला.

माझा नवरा मोठ्या धुलाई-कारखान्यात मशीनवर आहे. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे गाड्या भरभरून येतात. मी कामावर जायला लागले त्याच दिवशी तो म्हणाला होता, "लंगोटांची काळजी तू सोड. तुझे हात दुखतात. मी नेतो, शिफ्ट संपताना एका मशीनमध्ये फिरवतो आणि आणतो." आणि रोज संध्याकाळी तो ते आणायचा. पांढरेशुभ्र, इस्त्रीचे, अजून कोमट. पुस्तकं काखेत धरून यावं तसा गठ्ठा काखेत धरून यायचा. "बघ, पंचतारांकित!" म्हणायचा. मीही तो गठ्ठा गालाला लावायचे. त्याला काय छान वास यायचा.

म्हणजे त्या सोमवारी तीन गोष्टी सुरू झाल्या होत्या. मी दोनच धरल्या होत्या.

बुधवारी कोपऱ्यात नऊ, गुरुवारी परत नऊ टाके. आणि गुरुवारी संध्याकाळी लंगोट सोडला तर कापडाला रक्ताचा ठिपका. लहान, मोहरीएवढा. उजव्या ढुंगणावरची कातडी फुटली होती. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गुरुवारी बंद; उद्या नेऊ, मी म्हटलं. बटण रडत नव्हती. दमली होती. मुठीत माझा पदर धरून नुसती बघत होती माझ्याकडे.

आणि तेव्हा माझ्या मनात तो विचार आला, तो सांगायलाही जीभ चावावी लागते. मला वाटलं, सासूबाई कोरडेच लंगोट बादलीत टाकतात. दिवसभर पोर ओल्यात ठेवतात आणि मी यायच्या आधी चार-पाच लंगोट बादलीत बुचकळून मोकळ्या होतात. शाळेत म्हणे कुणी उशिरा आलं तर हजेरीत खाडाखोड करायला हिच्याकडे यायचे. असं कुणी मला सांगितलेलं नव्हतं. मीच रचलं ते, तव्यावर काही भाजत असताना, दोन मिनिटांत.

"आई, तुम्हाला दुपारी फार झोप येते का?" मी विचारलं.

सासूबाई बटणचे सॉक्स घडी करत होत्या. त्यांनी सॉक्स ठेवले. "का गं?"

"नाही, सहज."

"सहज कोणी असं विचारत नाही," त्या म्हणाल्या आणि परत सॉक्स घेतले. त्यापुढे संध्याकाळभर घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता.

शुक्रवारी मी दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी लावली. उजवी डावीकडे. आमचे मास्टर, म्हणजे दुकानाचे मालक, चष्म्यावरून बघत राहिले.

"हा कोट घालून माणूस मागे चालणार आहे का?"

"उसवते, मास्टर."

"राहू दे. तू आज इथे नाहीसच. पोरगी बरी नाही का अजून? जा घरी, तिला डॉक्टरकडे ने. बाही मी उसवतो."

मी म्हणाले नाही की आधी मला दुसरंच काही बघायचं आहे. रस्त्यावरून मी जवळजवळ पळत होते. घरात काय दिसणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. खुर्चीत मान टाकलेली म्हातारी, पाळण्यात भिजलेलं लेकरू. खरं सांगते, मला ते दिसावं असं वाटत होतं. म्हणजे निदान काय झालंय ते कळलं असतं.

जिन्यात चपला हातात घेतल्या. किल्ली हळूच फिरवली.

दाराशी भिंतीला टेकून सासूबाईंची पिशवी उभी होती. भरलेली, वरून दोरीने बांधलेली.

आतून त्यांचा आवाज येत होता. "...आणि मग मुख्याध्यापक म्हणतात, घंटा का नाही झाली? मी म्हटलं, सर, घड्याळ तुमचं पुढे आहे. माझं नाही."

मी दारातून पाहिलं. खिडकीपाशी जमिनीवर दुहेरी चादर. तिच्यावर बटण पालथी, उघडी. ढुंगणावर उन्हाचा कवडसा पडू नये म्हणून सासूबाईंनी खिडकीला स्वतःची साडी अडकवलेली. बाजूला कोमट पाण्याचं भांडं, कापसाचे बोळे, क्रीमची डबी झाकण काढून ठेवलेली. सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि वर्तमानपत्राची घडी करून तिला हळूहळू वारा घालत होत्या. अगदी हळू. कागद हलतोय की नाही इतका.

समोर गजराचं घड्याळ.

"आलीस?" त्यांनी मान वळवली नाही. "मला वाटलं होतं तू काल येशील."

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या. "मास्टरांनी लवकर सोडलं."

"हं. ये, बस. दहा मिनिटं आहेत अजून हवेची. मग क्रीम आणि लंगोट."

मी बसले. बटणने मला पाहून एक पाय उचलला आणि तसाच हवेत धरला.

"आई, ती पिशवी..."

"धाकट्याने फोन केला मला. तो सरळ आहे बिचारा, त्याला लपवता येत नाही. वहिनी म्हणतात तुला झेपत नाही, म्हणाला. म्हटलं, वहिनी म्हणतात तर खरंच असेल. रविवारी जायचं आहे, तर भरून ठेवली."

"आई, मी..."

"थांब. आधी एक काम कर." त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, खणातून लंगोट काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "यावरची तुझी खूण पुसली गेलीय. परत घाल. नाहीतर आज संध्याकाळी काय मोजशील?"

मी लंगोट मांडीवर तसाच राहू दिला.

"पहिल्या दिवशीच दिसली मला," त्या म्हणाल्या. "सोमवारी, दुसऱ्या तासाला. मला शिवता येत नाही, पण तीस वर्षं मुलांच्या चलाख्या पकडल्यात. एक टाका, दोन टाके, तीन टाके. म्हटलं, बरं आहे. मोजू दे. मोजल्याने समाधान होत असेल तर होऊ दे. रोज ओळीने घेत गेले, एकही पुढेमागे केला नाही. पण तुझं समाधान काही झालं नाही."

मी मान खाली घातली. खाली मांडीवर तो लंगोट होता. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून मी कोपऱ्याकडे बघत राहिले. अंगठ्याने दुमड उघडली. पाच टाके. बोटाला लागत होते, पाच. पण ते लाल नव्हते.

आठवडाभर मी ते फक्त बोटाने मोजले होते, चोरून, पाठीमागून; रात्री अंधारात गठ्ठा ओळीने लावतानाही बोटानेच. डोळ्यांनी एकदाही पाहिले नव्हते. आता उजेडात पाहिले. दोरा पांढरट होता. मध्ये एखादा धागा फिका गुलाबी, बाकी सगळा रंग गेलेला.

"हा रंग जात नाही," मी म्हणाले.

"गेला की."

"नाही, आई. जातच नाही हा. ह्याच दोऱ्याने आम्ही गिऱ्हाइकांच्या टेबलक्लॉथवर नावं घालतो. उकळत्या पाण्यात टाकतात लोक. वर्षानुवर्षं लाल राहतो. हा जायचा तर..." मी थांबले. दुकानात एकदा नवीन मुलीने पांढऱ्या शर्टावरचा डाग काढायला ब्लीच ओतलं होतं, पाण्यात न मिसळता. खिशावरचं नक्षीकाम असंच झालं होतं. भुतासारखं. "किती धुलाया झाल्या ह्याच्या?"

"हा पहिल्या गठ्ठ्यातला. मंगळवारी गेला होता, काल परत गेला. दोन."

दोन धुलाया.

मी उठले. न्हाणीघरात जाऊन घमेल्यात स्वच्छ पाणी घेतलं, तो धुतलेला, इस्त्रीचा लंगोट त्यात बुडवला आणि चोळला. सासूबाई बटणला कडेवर घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. पाणी गढूळलं. मग कडेने फेस धरला. साबण न घालता, फेस. मी दोन बोटं एकमेकांवर घासली. सुळसुळीत, बुळबुळीत, हातातून निसटणारी. पाणी बदललं. परत फेस. तिसऱ्यांदा बदललं. पाचव्या पाण्याला बोटं करकरली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे मी दर तासाला तिला..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मलाही कळलं होतं ते. त्या जितक्या वेळा लंगोट बदलत होत्या, तितक्या वेळा पोरीच्या अंगाला कारखान्यातला ताजा सोडा आणि ब्लीच लागत होतं. ओलं झालं की ते विरघळायचं. जिथे कापड टेकतं तिथेच. घड्या कोऱ्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं होतं, अगदी बोटाने उघडून दाखवलं होतं, आणि मी "घरचेच धुतात" म्हणून उठले होते.

"तुम्ही नाही, आई," मी म्हणाले. आणि मग मला रडू फुटलं, घमेल्यातच.

"रडतेस काय, त्यातलं पाणी खारट होईल, परत धुवावं लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. जवळ घेतलं नाही मला. पण बटणला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने खणातले उरलेले लंगोट आणून एकेक घमेल्याशेजारी टाकले. "हे सगळे. आणि तोवर तिला काय बांधायचं?"

"तुमची जुनी साडी आहे ना खिडकीला?"

"ती पंधरा वर्षांची आहे."

"म्हणूनच."

आम्ही ती फाडली. सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. कात्रीचा एक छेद दिला आणि टर्रकन फाडत गेले. तो आवाज ऐकून बटण दचकली आणि मग हसली. बरेच दिवसांनी.

नवरा सहाला आला. काखेत गठ्ठा. "पंचतारां..." म्हणेपर्यंत त्याने घरभर दोऱ्यांवर टांगलेले ओले लंगोट पाहिले, आणि आम्हा दोघींची तोंडं.

"काय झालं? बटण?"

मी घमेल्यात त्याच्या गठ्ठ्यातला एक लंगोट टाकला. तो फेसाकडे बघत राहिला. त्याला समजवायची गरज नव्हती, त्याचंच काम ते. चेहऱ्याचा रंग त्या दोऱ्यासारखा उतरत गेला.

"मशीन वजन करत नाही," तो हळूच म्हणाला. "आपण सांगू ते मानतं. पन्नास किलो चादरींचं औषध, सोडा-ब्लीच सगळं, स्वतःच ओढून घेतं. मला वाटलं जास्त पडलं तर जास्त स्वच्छ. जंतू मरतील. चादरींना शेवटी एक पाणी असतं, उरलेला सोडा मारायचं. ते वीस मिनिटांचं..."

"ते काय?"

"ते मी तोडायचो. मशीन मध्येच बंद करून काढायचो. साडेपाचची बस मिळाली तर ती जागी असताना भेटायची."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंडात शब्द तयार होते, आठवडाभर सासूबाईंसाठी घासून ठेवलेले. पण ते त्याच्यावर वापरायचे तर आधी माझ्यावर वापरावे लागले असते.

"अरे, उभा काय राहिलास?" सासूबाई म्हणाल्या. "बाह्या वर कर. पाच पाणी लागतात एकेकाला. आणि मोजून पाच. तुझा भरवसा नाही, तू शेवटचं तोडतोस."

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी फुटलेली जागा पाहिली, म्हणाल्या, पू नाही, ताप नाही, वेळेत आलात. लंगोट हातात घेऊन ओलसर बोटाने चोळून पाहिला आणि भुवया वर केल्या. "कोण धुतं विचारलं होतं मी." मी हो म्हणाले. पर्समधून ती ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्यांनी नाव वाचलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "तिसऱ्या दिवशी फरक दिसेल. दिसला नाही तर यायचं."

शनिवारी फरक नव्हता. शनिवारचा दिवस संपता संपेना. दर तासाला सासूबाई "तास झाला" म्हणायच्या, आम्ही तिघं बटणभोवती वाकायचो, आणि तिघांनाही तेवढंच लाल दिसायचं. नवरा दिवसभर खंगाळत होता. माझ्या मनात हेही येऊन गेलं की दोऱ्याचं काहीच नसेल, मी परत एकदा चुकीच्या माणसाला धरलं असेल.

रविवारी सकाळी दीर आले. खाली गाडीचा हॉर्न. सासूबाई बटणचा लंगोट सोडत होत्या.

"ये इकडे," त्यांनी मला हाक मारली.

कडेची लाली फिकी झाली होती. चकाकी गेली होती. फुटलेल्या जागेवर बारीक कोरडी खपली. मी तांब्या उचलला. बटणने तांब्याकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर आला. मी पाणी सोडलं, बोटावरून, अगदी धार न करता. ओठ तसाच राहिला. किंकाळी आली नाही. तिने विचार केला आणि माझं नाक धरलं.

दीर दारात उभे होते. "आई, पिशवी घेऊ का खाली?"

मी सासूबाईंकडे वळले. रात्रभर जुळवलेलं वाक्य होतं, त्यातला एकही शब्द आठवेना. "आई, राहा ना. मी चुकले. चोरासारखी वागले मी तुमच्याशी."

त्या बटणला टिपत होत्या. पुसत नव्हत्या, टिपत होत्या.

"मी राहीन," त्या म्हणाल्या. "ते बटणसाठी. तुझं नंतर बघू."

"बरं."

"बरं काय. त्याला चहा टाक, एवढ्या लांबून आलाय. आणि तुझी ती सुई आण." त्यांनी वाळलेल्या लंगोटांच्या ढिगातून एक उचलून माझ्याकडे फेकला. "त्या लाल दोऱ्याचा टाका घाल ह्याला. एकच, मला दिसेल असा मोठा. धुऊन आला की मी रंग बघत जाईन."

मी सुईत दोरा ओवला. चहा दिरांनीच टाकला.